कौलाच्या चकतीची टकळी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला मुलांचे खेळणे समजतो. दीड वीत लांबीची बोरीची काडी, तिच्या खालच्या अंगाला फुटक्या कौलाची गोल चकती आणि वरच्या टोकाला धागा अडकवण्यासाठी कोरलेली बारीक खाच, एवढेच माझे शरीर. मी लोकर कातणारी एक जुनी टकळी आहे. माझे वय चौदा वर्षे. चौदा वर्षांत माझ्या अंगावरून इतका धागा गेला आहे की माझी काडी मधोमध बारीक झाली आहे आणि बोटे लागून लागून नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली आहे. आज माझ्यावर कातणाऱ्या संजनाच्या खोलीतल्या खिडकीत बसून मी तुम्हाला माझी गोष्ट सांगते. माझी म्हणजे तिचीच. मला वेगळे असे काही घडलेले नाही.

माझा जन्म खालापूर तालुक्यातल्या एका भाताच्या खाचरात झाला. कुंभिवलीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळले की आमचे गाव लागते. दिवाळी झाली, भात कापून झाले की खाचरे मोकळी होतात. त्याच सुमाराला घाटावर चारा संपत येतो. मग तिकडचे धनगर मेंढरे घेऊन बोरघाट उतरतात. घोड्यांच्या पाठीवर संसार, बरोबर दोन-चार कुत्री आणि पुढे मेंढरांचा लोट. शेतकरी त्यांना आपल्या खाचरात मेंढरे बसवायला सांगतात. लेंडीखताने जमीन सुधारते, धनगरांना धान्य मिळते आणि मेंढरांना दाढेखाली काही येते. वैशाखात ते परत घाट चढून जातात.

संजनाच्या वडिलांच्या खाचरात दर वर्षी एकच तळ पडत असे. त्या तळावर ठकूबाई नावाची पन्नाशीची बाई होती. उंच, काटक, कपाळावर मोठे गोंदण. तिच्या हातात दिवसभर टकळी फिरत असे. मेंढरांमागे चालताना, चुलीपाशी बसल्यावर, नवऱ्याशी भांडतानासुद्धा.

माझा जन्म झाला त्याच वर्षी संजना माहेरी परत आली होती. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. कर्जतच्या बाजूला तिला दिली होती. तिच्या नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि हिला एका पिशवीसह एसटीत बसवून दिले. आई आधीच गेलेली. वडील आजारी. धाकटा भाऊ देवेश खोपोलीच्या एका कारखान्यात नुकताच लागलेला. घराच्या मागे भाताची पोती ठेवायची खोली होती, ती तिला रिकामी करून दिली. तिला कुणी टोचून बोलले नाही. पण तिच्याशी काय बोलावे हे कुणाला सुचत नव्हते, म्हणून सगळे तिच्याशी कमी कमी बोलू लागले.

ती धनगरांना पाण्याची कळशी द्यायला खाचरात जाई आणि कळशी रिकामी झाली तरी बांधावर उभी राही. तीन दिवस तिने ठकूबाईची टकळी नुसती पाहिली. चौथ्या दिवशी ठकूबाईच म्हणाली, "पोरी, उभी ऱ्हाऊन पाय दुखत न्हाईत व्हय तुजं? ये, बस की हितं."

संजना बसली. थोड्या वेळाने तिने विचारले, "दिवसभर हेच करता तुमी?"

"हात रिकामा ऱ्हायला की मला जुनंपानं आठवत बसतंय," ठकूबाई म्हणाली. "म्हणून कातती."

"मला शिकवाल?"

ठकूबाईने तिचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे पाहिले. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या गाठोड्यातून माणदेशातून आणलेली बोरीची एक काडी काढली. संजनाच्या घराच्या मागे फुटक्या कौलांचा ढीग पडला होता. त्यातला एक तुकडा उचलून तिने तो दगडावर घासायला घेतला. दोन दिवस ती तो घासत होती. तांबडी भुकटी तिच्या लुगड्यावर पडत होती. मग खिळा फिरवून फिरवून तिने मधोमध भोक पाडले, त्यात काडी घट्ट बसवली आणि मला मांडीवर घासून एक गिरकी दिली. मी फिरले. मित्रांनो, पहिल्यांदा फिरताना काय वाटले ते मला सांगता येत नाही. आजूबाजूचे सगळे पुसट झाले आणि फक्त वरून येणारा धागा तेवढा सरळ राहिला.

शिकताना संजनाच्या हातून धागा सारखा तुटे आणि मी ढेकळांवर आपटे. तिचे डोळे भरून येत. ठकूबाई मात्र तिच्याकडे न बघता म्हणे, "तुटू दे. हाताला कळाय टाइम लागतूया." पंधरा दिवसांनी संजनाच्या हाताला कळले. धागा कुठे जाड, कुठे बारीक, पण सलग येऊ लागला. त्या दिवशी ठकूबाईने मला तिच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "ही तुजी."

संजनाच्या हातात नवीन काही देऊन 'हे तुझे' असे म्हटलेले मी तरी त्याआधी ऐकले नव्हते.

त्यानंतरची वर्षे माझ्या कामाची वर्षे होती. धनगर पौषात मेंढरे कातरत. त्या लोकरीला आता गिऱ्हाईक उरले नव्हते. पूर्वी घोंगड्या विणणारे येऊन ती घेऊन जात, आता कुणी येत नसे. कातरलेली लोकर बांधावर पडून राही, वाऱ्याने उडे, नाल्यात जाई. संजना ती गोळा करी. काळी एकीकडे, पांढरी एकीकडे. नाल्याच्या पाण्यात रिठे घालून धुई. लोकरीतून काटे, गवत, चिखल निघता निघत नसे. वाळली की पिंजायची आणि तिच्या हाताएवढ्या सैल गुंडाळ्या, म्हणजे पेळू, करून टोपलीत ठेवायचे. मग रोज दुपारी, घरातली कामे उरकली की माझी पाळी येई.

काळ्या लोकरीवर रंग चढत नाही. पांढरीवर चढतो. रंग कसे काढायचे हे तिला कुणी शिकवले नाही. ती स्वतःच करून बघत असे. कोंडाणे गावचा पोशा नावाचा म्हातारा बाजाराच्या दिवशी कर्जतला डिंक, साली, हिरडे घेऊन बसे. त्याच्याकडून ती ऐनाच्या झाडाची साल आणि हिरडे आणी. साल उकळली की तपकिरी रंग येई. हिरड्याच्या पाण्यात गंजलेले खिळे टाकले की पावसाळी ढगासारखा करडा. फाल्गुनात पळसाची फुले वेचून त्यांचा केशरी-पिवळा. तुरटी किती घालायची, किती वेळ उकळायचे, हे सगळे तिने भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले होते. अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर ते पातेले रटरटे तेव्हा सगळ्या घराला ओल्या मेंढराचा वास येई आणि देवेशची बायको भाविका खिडक्या लावून घेई.

विणायला तिच्याकडे सुया नव्हत्या. तिने मोडक्या छत्रीच्या काड्या घासून घेतल्या. शाळेत असताना एका बाईंनी तिला दोन टाके शिकवले होते, त्यांवरच तिने टोप्या, मोजे, बिनबाह्यांचे स्वेटर विणले.

भाविका वाईट नव्हती. ती एकदा खरोखरच न कळून म्हणाली, "ताई, आपण पंखा लावून झोपतो. हे कोण घालणार?"

संजनाने पुढचा टाका घातला. आमच्याकडे थंडी कशीबशी पंधरा दिवस पडते. तिने विणलेले सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत जात होते. त्या घरात तिला कुणासाठी विणायचे नव्हते आणि तिने विणलेले कुणाला नको होते.

पण दर वर्षी दिवाळीनंतर ठकूबाई येई. तळ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी संजना वर्षभराचे काम पाटीत घालून खाचरात नेई. मी तिच्या कमरेला खोचलेली असे. ठकूबाई एकेक वस्तू घेई, आधी उलटी करी आणि आतली बाजू बघे. "गाठ कुटं लपिवलीस गं?" असे विचारी. सापडली नाही की मान हलवी. कधी म्हणे, "ह्यो पीळ सैल पडलाय. त्या दिवशी कुणावर चिडली हुतीस?" संजना हसे. तिचे हसणे मी फक्त त्या खाचरात ऐकले आहे. दोघी संध्याकाळपर्यंत कातत बसत. ठकूबाई आपल्या वारलेल्या मुलीबद्दल बोले. संजना कर्जतच्या घराबद्दल बोले, जे तिने देवेशलाही कधी सांगितले नव्हते. वर्षातले ते पाच-सहा महिने. बाकीचे दिवस ती पाऊस किती दिवस उरला ते मोजत असे.

माझे कौतुकही एकदा झाले. कर्जतला बचत गटांचे प्रदर्शन होते. गटातल्या बायकांनी आग्रह केला म्हणून संजनाने करड्या रंगाची एक शाल नेली. तिच्या शेजारी मला ठेवले, लोकांना दाखवायला. फार्महाऊसवर शनिवार-रविवार येणाऱ्या एक बाई थांबल्या. त्यांनी माझे फोटो काढले, शालीचे फोटो काढले, रंगाबद्दल खूप विचारले. "किती सुंदर," म्हणत त्यांनी शाल गालाला लावली. मग म्हणाल्या, "टोचते पण," आणि ती घडी न करताच ठेवून पुढे गेल्या. संजनाने घडी केली. आमच्या मेंढरांची लोकर टोचतेच. घाटावरच्या थंडीवाऱ्यात राहणाऱ्या जनावराची ती लोकर आहे. परत येताना संजनाने ती शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि घरी पोचेपर्यंत काढली नाही.

असेच मला तेरावे वर्ष लागले. वडील जाऊन बराच काळ लोटला होता. हायवेच्या कडेने एकामागून एक गोदामे उभी राहत होती. एका संध्याकाळी देवेश मागच्या खोलीत आला. तो तिथे क्वचितच येई. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "ताई, जमिनीचं ठरलंय. गोदामवाल्यांना द्यायची. पुढच्या सोमवारी तुला रजिस्टर हापिसात यावं लागंल."

मी संजनाच्या बोटांत फिरत होते. तिने मला थांबवले नाही. "कशाला?"

"सही करायला. हक्कसोडीची. सगळ्या बहिणी करतात गं."

"सगळीच जमीन?"

"सगळीच. तुझं इथं सगळं आमीच बघतो ना? पुढंबी बघूच."

आठ दिवस ती नुसती कातत राहिली. कातताना तिचा पीळ इतका घट्ट पडू लागला की धागा स्वतःभोवतीच वेटोळी घालू लागला. रविवारी सकाळी ती मला हातात घेऊनच पुढच्या खोलीत गेली. देवेश चहा पीत होता, भाविका भाजी निवडत होती.

"नाल्याकडचं खाचर माझ्या नावावर ठेव," संजना म्हणाली. "बाकीच्यावर सही करते."

भाविकाने मान वर केली. "त्या तुकड्याचं तुमी काय करणार, ताई?"

"मेंढरं बसवणार."

देवेशला हसू आले. मग तिचा चेहरा बघून तो थांबला. "ताई, तुला इथं काय कमी हाय? सांग ना. जेवण, कपडा, औषध, कधी काय कमी केलं आमी?"

"काय कमी नाय रं," संजना म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पण मला कोण भेटायला येत नाय. वर्षातनं एकदा ती मेंढरंवाली येतात. खाचर गेलं तर तीबी यायची नायत."

भाविकाच्या हातातली शेंग तशीच राहिली. देवेश लहान असताना आई शेतात गेली की संजनाच त्याला कडेवर घेऊन फिरत असे, हे गावातल्या जुन्या बायकांकडून मी ऐकले आहे. त्याने कप खाली ठेवला आणि बाहेर निघून गेला. सोमवारी रजिस्टर ऑफिसात जे कागद झाले त्यांत नाल्याकडचे खाचर संजनाच्या नावावर होते.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि संजनाने खाचराच्या कडेचे निवडुंग तोडून वाट मोकळी केली. पाण्यासाठी एक पिंप आणून ठेवले. रोज संध्याकाळी ती बांधावर जाऊन उभी राही. समोर गोदामाची भिंत चढत होती. पूर्वी मेंढरे ज्या वाटेने उतरत त्या वाटेवर आता पत्र्याचे कुंपण होते. कार्तिक संपला. मार्गशीर्षाचे आठ दिवस गेले. एकही मेंढरू आले नाही.

नवव्या दिवशी संजनाने पिशवीत पाण्याची बाटली आणि मला टाकले आणि ती चालत हायवेवर आली. माहेरी आल्यापासून कर्जतचा बाजार सोडला तर ती एकटी फारशी कुठे गेली नव्हती. टमटम मिळाली ती तिने खोपोलीपर्यंत घेतली. जुन्या रस्त्याला गजाची चहाची टपरी होती. तिथे तिने विचारले.

"धनगरं? परवा दिसली गं," गजा म्हणाला. "इथल्या शिळफाट्याच्या पुढं, घाटाच्या पायथ्याला. खाली उतरायला त्यांना जागाच देत नाय कोण. रस्त्याच्या कडंला बसलीत."

ती चालत गेली. मला पिशवीत अंधारात गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग कुत्री भुंकली आणि ओळखीचा वास आला. संजनाने मला बाहेर काढले. रस्ता आणि डोंगराच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत मेंढरे दाटीवाटीने उभी होती. ठकूबाईचा मुलगा बिरू ट्रकच्या बाजूने काठी आडवी धरून उभा होता. चुलीपाशी त्याची बायको काशी होती. पंचविशीची, मागची दोन वर्षे ती तळावर असे, पण दिवसभर मेंढरांमागे जाई, त्यामुळे संजनाला तिने लांबूनच पाहिले होते.

"मावशी कुठं हायत?" संजनाने ठकूबाईबद्दल विचारले.

काशीने चुलीतले लाकूड मागे ओढले. "आत्या न्हाईत आता. भादव्यात गेल्या. ताप आला हुता, आठ दिवसात गेल्या."

संजना उभीच राहिली. तिने मला इतके घट्ट धरले होते की चकतीची कड तिच्या तळव्यात रुतली. ठकूबाईला जाऊन तीन महिने होत आले होते. त्या तीन महिन्यांत तिने ठकूबाईला दाखवायला एक घोंगडीवजा पांघरूण विणले होते, गाठी लपवल्या होत्या, आणि ती ज्या माणसासाठी विणत होती ते माणूस या जगात नव्हते. तिला कळवणार तरी कोण? तिचे नाव कुणाच्या यादीत नव्हते.

काशीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "तुमी त्यांच्या कोण?"

गावातले कुणी गेले की बाया जमतात, रडतात, दहाव्याला बोलावणे येते. इथे तसे काहीच नव्हते. ती फक्त म्हणाली, "मी खालापूरची. त्या आमच्या खाचरात बसायच्या."

मग ती खाली बसली. बराच वेळ बसली. ट्रक जात होते. एक कोकरू गाडीच्या आवाजाने बिथरून रस्त्याकडे धावले आणि बिरूने ते पाय धरून ओढून घेतले. ते पाहून संजना उठली. म्हणाली, "माझं खाचर हाय. माझ्या नावाचं. तिथं चला."

दुसऱ्या दिवशी पहाटे तळ हलला. संजना रात्री तिथेच राहिली होती. गावापर्यंतच्या वाटेवर ती सगळ्यांच्या पुढे चालत होती, हातात काठी, कमरेला मी. मागे दोनशे मेंढरे, दोन घोडी, कोंबड्यांची पाटी. हायवे सोडून गावाकडे वळायच्या ठिकाणी कंपन्यांचे टेंपो एकामागून एक येत होते. तिथे देवेश रात्रपाळी करून मोटरसायकलवरून घरी चालला होता. त्याने बहिणीला पाहिले. रात्रभर ती घरी नव्हती हे त्याला माहीत नव्हते असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले. त्याने गाडी थांबवली, मग ती वळवून रस्त्यावर आडवी लावली आणि हात वर करून टेंपो अडवले. टेंपोवाले हॉर्न वाजवत राहिले. शेवटचे मेंढरू वळेपर्यंत तो हात वर करून उभा होता. संध्याकाळी भाविका पहिल्यांदाच खाचरात आली आणि तळाला भाकऱ्या देऊन गेली.

मित्रांनो, यानंतरचे दिवस माझ्या उपेक्षेचे होते. मेंढरे आली, पण संजनाने मला पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि झाकण लावले. सव्वा महिना मी त्या डब्यात होते. आत रिठ्यांचा वास होता आणि थोडी उरलेली पळसाची फुले होती. ठकूबाईने मला घासले ते दिवस मला तिथे आठवत राहिले. बाहेर संजनाची पावले ऐकू येत, ती डब्यापाशी थांबत आणि पुढे जात. ती खाचरात पाणी नेऊन देई आणि लगेच परत येई.

मग पौषात कातरणी झाली. दुपारची वेळ होती. डब्याबाहेर काशीचा आवाज आला. ती मागच्या दाराशी आली होती.

"मावशी, ह्येंनी लोकर नाल्यात टाकाय काढलीया. तुमी नेत हुता म्हणं आत्याकडनं. न्ह्याची का?"

"नको," संजना म्हणाली. "टाक."

काशी गेली नाही. "आत्या मला लई सांगायच्या, शिक म्हणून. म्या मोबाईल बघत बसायची. आता तळावर एकालाबी येत न्हाई."

संजनाची पावले डब्यापर्यंत आली. मग झाकण उघडले आणि माझ्या डोळ्यांवर उजेड आला.

संजनाने काशीला अंगणात बसवले. तिला माझी गिरकी दाखवली, पेळू कसा धरायचा ते दाखवले. काशीच्या हातून धागा तुटला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा मी दगडी पायरीवर आपटले आणि माझ्या चकतीचा एक टवका उडाला. काशी कावरीबावरी झाली. टवका उचलून तिने तो जोडता येतो का पाहिले. "आत्याच्या हातची हुती," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. ठकूबाईसाठी रडणारे माणूस संजनाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. तीही रडली. दोघी पायरीवर बसून रडल्या. कुठल्याही नात्याने तिच्या वाट्याला न आलेले रडणे तिला त्या दिवशी मिळाले.

टवका उडाल्यापासून मी जरा डगमगत फिरते. काशीसाठी संजनाने भाविकाकडून फुटक्या कुंडीचा तुकडा आणून नवी टकळी केली. चैत्र संपेपर्यंत दोघी रोज दुपारी कातत होत्या. बोलत फार नसत. काशी तरुण होती, तिची दुःखे निराळी होती आणि ठकूबाईची जागा ती घेऊ शकत नव्हती. संजनाने विणलेले काम काशी कधी उलटे करून बघत नसे. संजनाच्या ते लक्षात येई. ती ते बोलून दाखवत नसे.

वैशाखात तळ उठला. घोड्यांवर सामान चढले. निघता निघता काशीने मोबाईल काढला. "मावशी, नंबर द्या तुमचा. काय नावानं घालू?"

संजनाने थोडा विचार केला. "संजना घाल."

काशीने अंगठ्याने काहीतरी लिहिले आणि फोन तिच्यापुढे धरला. संजनाने वाचले. 'खालापूरची मावशी' असे लिहिले होते. तिने फोन परत दिला आणि घोड्याच्या पाठीवरची आधीच घट्ट बांधलेली दोरी उगाच पुन्हा ओढून बघितली.

मग पाऊस आला आणि गेल्या सगळ्या पावसांसारखा लांबला. श्रावणातल्या एका दुपारी संजना मला फिरवत खिडकीत बसली होती तेव्हा फोन वाजला. काशी बोलत होती. पलीकडे वारा होता. "मावशी, धागा सारका तुटतूय. काय चुकतंय कळंना झालंय."

"लोकर दमट झालीय तुझी," संजना म्हणाली. "चुलीच्या उबेला ठेव. आणि ओढू नको. टकळी फिरते तेवढाच धागा सोड तिला." तिने आणखी बरेच सांगितले. पेळू कसा धरायचा, अंगठा कुठे ठेवायचा, पीळ जास्त झाला तर काय करायचे. काशी हं हं करत होती. सांगून संपले तेव्हा काशी म्हणाली, "बरं, ठेवू?" आणि फोन बंद झाला. पावसाचा आवाज तेवढा राहिला. संजनाने फोन खाली ठेवला नाही. तो मांडीवर ठेवून ती कातत राहिली.

मित्रांनो, मी एक डगमगती टकळी आहे. मला फार मागायचे नाही. मला उन्हात टाकू नका, मुलांच्या हातात खेळायला देऊ नका, एवढे म्हटले तरी पुरे. पण तुमच्या घराच्या मागच्या खोलीत कुणी एकटे बसून काही करत असेल, विणत असेल, निवडत असेल, शिवत असेल, तर एकदा जाऊन त्याच्या शेजारी बसा. ते काम हातात घ्या. घाई असली तरी ते उलटे करून आतली बाजू बघा, आणि गाठ कुठे लपवली ते विचारा.